आठव्या वाफ्याच्या सोळा कावडी

लेइ यिनमेइला गावात सगळे ‘वाफेवाली’ म्हणत. त्याआधी तिच्या वडिलांना, लेइ देमाओंना, ‘वाफेवाले’ म्हणत. म्हाताऱ्याने ते नाव आपण होऊन लेकीला दिलं होतं, जमिनीचा तुकडा द्यावा तसं.

गावाच्या वरच्या अंगाला, तांबड्या टेकडीवर, मातीचा अभ्यास करणारं एक केंद्र आहे. १९९० साली तिथे बारा वाफे आखले गेले. हिवाळ्यात गहू, उन्हाळ्यात मका, दरवर्षी तेच. फरक फक्त खताचा. एका वाफ्याला काहीच घालायचं नाही, एकाला नुसता युरिया, एकाला नत्र-स्फुरद-पालाश तिन्ही. आठव्या वाफ्याला डुकरांचं कुजवलेलं खत, दर हंगामाला सोळा कावडी. हे किती वर्षं चालायचं, असं देमाओंनी पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा तिथले संचालक म्हणाले होते, “आपण मरेपर्यंत. मग आपल्यामागचे बघतील.” देमाओंना ते उत्तर इतकं आवडलं की पुढे दहा वर्षं ते चहाच्या प्रत्येक बैठकीत ते सांगत.

खत त्यांच्याच घरच्या डुकरांचं जायचं. एक कावड म्हणजे दोन टोपल्या मिळून पन्नास किलो. देमाओ तराजू झाडाला टांगून प्रत्येक कावड तोलत. काटा जरा झुकला तर मूठभर खत काढून परत खड्ड्यात टाकत. लोक हसायचे. “देमाओ, सोनं तोलताय की काय?” म्हातारा वर न बघता म्हणायचा, “सोन्यात दोन गुंजा इकडे-तिकडे चालतात. इथे नाही चालत.”

२००१ मध्ये त्यांचा कणा वाकला आणि कावड यिनमेइच्या खांद्यावर आली. नवरा दूर क्वांगतुंग प्रांतात चपलांच्या कारखान्यात, वर्षाच्या सणाला काय तो घरी येणार. घरात नऊ डुकरं, एक म्हातारा, आणि टेकडीवर बारा वाफे. ती कामाला चोख होती आणि तिला त्याचा अभिमान होता. पाहुणे आले की संचालक तिलाच पुढे करायचे. युरियाच्या वाफ्याशी ती थांबायची. पहिली सहा-सात वर्षं तिथला मका माणसापेक्षा उंच गेला होता, मग पिवळा पडत पडत गुडघ्याएवढा राहिला. “या मातीत नत्र नाही असं नाही हं,” ती सांगायची. “नत्र भरपूर आहे, पण माती आंबलीय. ताट वाढलंय पण तोंडभर फोड आलेत, मग जेवणार कसं?” पाहुणे हसायचे. मग ती त्यांना आठव्या वाफ्याकडे न्यायची. तिथली माती काळसर झालेली, मुठीत दाबली तर भाकरीच्या पिठासारखी सुटणारी. तिथलं नत्र वर्षागणिक थोडं थोडं वाढत होतं. भिंतीवरच्या तक्त्यात त्याची रेघ जिन्यासारखी वर चढत गेली होती.

२००६ मध्ये शू वेनबो नावाचा एक विद्यार्थी शहरातून आला. चोवीस वर्षांचा, काटकुळा, तिखट खाल्लं की डोळ्यांतून पाणी. पुढली चार वर्षं तो यिनमेइच्या घरीच जेवला. तिला ताई म्हणायचा, देमाओंना बाबा. लोणच्याच्या शेंगा आणि धुरावलेलं मांस घालून केलेला भात त्याला इतका आवडे की ती त्याच्या डब्यात चुलीवरच्या भांड्याची खरपुडीही घालून द्यायची.

२००७ च्या उन्हाळ्यात डुकरांना ताप आला. कान निळे पडायचे, तिसऱ्या दिवशी जनावर आडवं. दहा दिवसांत तिची नऊच्या नऊ गेली. गावात जवळजवळ कुणाचीच उरली नाहीत. चुना टाकून पुरली सगळी. ती रडली नाही. ती हिशेब लावत होती. ऑक्टोबरात गव्हाची पेरणी, त्याआधी सोळा कावडी, आणि खड्ड्यात खत उरलं होतं जेमतेम चार कावडींचं.

सांगायला हवं होतं. केंद्राचा नियम साधा होता: कमी पडलं तर कळवा, आम्ही नोंद करू, दुसरीकडून मिळतं का बघू. संचालकांच्या खोलीपर्यंत ती गेलीही. दार उघडं होतं. ते कुणाला तरी फोनवर सांगत होते, “आमच्याकडे सतरा वर्षांत एक टोपली चुकलेली नाही. देशात दुसरं असं ठिकाण दाखवा.” ती दारातून मागे फिरली.

घरी देमाओ तेव्हा अंथरुणाला खिळलेले. डुकरं मेल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वास कसला येतो असं त्यांनी विचारलं तर ती सांगायची, चुन्याचा, भिंती रंगवतोय. त्यांनी हाक मारली. “पेरणी आली. सोळा तयार आहेत ना?”

“आहेत, बाबा.”

ते तोंडातून निघून गेल्यावर पुढचं सगळं आपोआप होत गेलं. चार कावडी खऱ्या खताच्या. बाकी बारा कावडींत खड्ड्याच्या तळाची माती, भाताचं तूस, चुलीतली राख. दिसायला तेच. पिकाने चुगली करू नये म्हणून तिने युरिया पाण्यात विरघळवून वाफ्यावर शिंपडला. प्रयोगशाळेत पाठवायचा खताचा नमुना त्या चार कावडींतूनच भरला. नोंदवहीत लिहिलं: आठवा वाफा, डुकरांचं खत, सोळा कावडी. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं तिला नंतर फार दिवस वाईट वाटत राहिलं.

डुकरं नसताना खत कुठून, असं कुणी विचारलंच तर ती म्हणायची, खड्ड्यात जुनं पुरेसं साठलंय. वेनबो त्या आठवड्यात शहरात होता. परत आल्यावर वही उतरवून घेताना म्हणाला, “तोलायला मी असायला हवं होतं खरं तर. पण ताई, तुम्ही तोललंत म्हणजे झालंच.”

गहू हिरवागार आला. कुणाला काही दिसलं नाही. मे महिन्यात मक्याची पेरणी आली तेव्हा तिच्याकडे डुकराची दोन पिल्लं होती, आणि तिने तेच पुन्हा केलं. या वेळी छाती धडधडली नाही, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली. असे सहा हंगाम गेले, अडीच वर्षं. २००९ च्या हिवाळ्यात देमाओ गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. तिला मात्र ते ओळखत, आणि एकच विचारत: “सोळा?” ती म्हणायची, “सोळा.” मग ते डोळे मिटायचे. २०१० मध्ये केंद्राने खताची सोय एका मोठ्या डुक्करपालन केंद्राकडून केली. गाडी भरून खरं खत येऊ लागलं. यिनमेइने सुटकेचा निःश्वास टाकला. तिला वाटलं, झालं ते बुजून जाईल.

ते वेनबोच्या रेघेत उमटलं होतं. सतरा वर्षं चढणारी नत्राची रेघ त्या अडीच वर्षांत सपाट झाली होती, शेवटी थोडी खालीही वाकली होती. तो आनंदाने वेडा झाला. एके दुपारी कागद घेऊन धावत अंगणात आला.

“ताई, हे बघा! मातीचं पोट भरलं! सतरा वर्षांनी पुरे म्हणाली ती. त्यापुढे कितीही घाला, नत्र साठत नाही. असं कुणी दाखवलंच नव्हतं आजवर!”

ती शेंगा निवडत होती. तिचे हात थांबले. “नक्की का रे? काही चुकलं नसेल ना?”

“तीनदा मोजलंय. आणि खत तर तुमच्या हातचं. त्यात चूक कुठून येणार?”

त्या क्षणी बोलली असती तर त्याचं नुकसान फक्त एका कागदाचं होतं. ती म्हणाली, “जेवून घे आधी. गार होतंय.”

हा शोध त्याने लेखात मांडला. त्या लेखाने त्याला नाव मिळालं, मग शहरात नोकरी मिळाली. २०११ मध्ये तो गावात सभेला आला आणि सोप्या भाषेत सांगितलं: ज्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या खत पडलंय, तिथे आणखी ओझी वाहण्यात अर्थ नाही, युरिया पुरेसा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डुकरं तशीही कुणाकडे उरली नव्हती, माणसं शहरात गेली होती, टोपल्या वाहणार कोण? सभा सुटल्यावर तिच्या थोरल्या भावाने, शुइगेनने, तिला बाजूला घेतलं. त्याची संत्र्याची दोनशे झाडं होती, वडिलांनी लावलेली.

“साहेब काय, पुस्तकातलं बोलतात,” तो म्हणाला. “तू रोज त्या वाफ्यात असतेस. तू सांग. खत बंद करू?”

“आकडे तसंच म्हणतात, दादा.”

“आकड्यांचं नाही विचारत. तुझं विचारतोय.”

“हो,” ती म्हणाली. “कर बंद.”

त्यानंतर तिने शुइगेनच्या बागेकडची वाट सोडली. बाजाराला जायचं तर तळ्याच्या कडेने लांबून जायची. पण गाव लहान. बागेचं कानावर यायचंच. चौथ्या वर्षी पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, सहाव्या वर्षी फळ लिंबाएवढं. माती आंबली होती, टेकडीवरच्या युरियाच्या वाफ्यासारखी. २०१७ मध्ये शुइगेनने शंभरावर झाडं उपटली. मुळं बघून यिनमेइची वहिनी म्हणाली, “भाजल्यासारखी झालीत गं.” सणाच्या जेवणाला शुइगेन हसत हसत म्हणाला, “आमची वाफेवाली पाहुण्यांना सगळं समजावते, भावाच्या झाडांपुढे मात्र तिची विद्या संपते.” सगळे हसले. तीही हसली. घरी येऊन ती चुलीसमोर बसून राहिली, चूल पेटवायची विसरून.

२०१९ च्या वसंतात वेनबो परत आला. आता प्राध्यापक, जाड भिंगाचा चष्मा, पोट सुटलेलं. आल्या आल्या त्याने नमुन्यांच्या खोलीची किल्ली मागितली. तिथे दरवर्षीची, प्रत्येक वाफ्याची माती काचेच्या बरण्यांत भरून ठेवलेली असते. आठवडाभर तो तिथून हलला नाही. जेवायला यायचा तो गप्प.

“काय झालंय?” तिने अखेर विचारलं.

“रेघ पुन्हा चढलीय, ताई. २०१० नंतर. दरवर्षी. पोट भरलेली माती पुन्हा खायला लागली, असं कसं होईल?” त्याने जेवायच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. “म्हणजे माझंच काहीतरी चुकलं होतं. मी लोकांना खत बंद करायला सांगितलं. इथल्याच गावांत. तुमच्या भावालासुद्धा.”

तिने त्याच्या वाटीत आणखी भात वाढला.

तो गेला आणि जूनमध्ये पुन्हा आला. बरण्यांतली चिमूटचिमूट माती त्याने शहरातल्या प्रयोगशाळेत तपासून आणली होती. जेवणाच्या पाटावर बसल्या बसल्या तो सांगू लागला. डुकराच्या खतातलं नत्र गोणीतल्या युरियाच्या नत्रापेक्षा कणभर जड असतं, तो फरक यंत्राला कळतो. आणि आठव्या वाफ्याच्या त्या अडीच वर्षांच्या मातीत नव्याने आलेलं नत्र गोणीतलं होतं.

“आता कळलं,” तो म्हणाला. “बरण्यांची अदलाबदल झाली. ते भांडारातले यि काका आठवतात? शेवटी त्यांना दिसत नव्हतं नीट. तिसऱ्या, गोणीतल्या खताच्या वाफ्याची माती आठव्याच्या बरणीत भरली असणार त्यांनी. तसंच लिहिणार आहे मी. वाईट वाटतं, मेलेल्या माणसाबद्दल लिहायला, पण…”

यि काकांनी तिला बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला शिकवलं होतं. डिंक जास्त लागला तर ओरडायचे. बारा वर्षं तिने विचार केला होता की कधी सांगायचंच झालं तर कसं सांगायचं, कुठल्या शब्दांनी सुरुवात करायची. त्यातला एकही शब्द तेव्हा आठवला नाही.

“यि काकांनी नाही केलं,” ती म्हणाली. “मी केलं. खत नव्हतंच. माती घातली मी. माती, तूस, आणि वरून युरिया.”

वेनबोला आधी कळलंच नाही. “कुठल्या वर्षी?”

“सगळ्या. डुकरं मेली तेव्हापासून गाडी येईपर्यंत.”

अंगणात कोंबड्या सांडलेलं शीत टिपत होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. भात तसाच राहिला. मग खिशातून पेन काढून त्याने अगदी कोरड्या आवाजात विचारलं, “पहिल्या हंगामाला खऱ्या कावडी किती?”

“चार.”

“दुसऱ्या?”

“दोन. तिसऱ्याला तीन. मग पाच, पाच, सहा.”

“युरिया?”

तिने किलोंत सांगितलं. तिने कुठे लिहून ठेवलं नव्हतं, पण एक आकडा विसरली नव्हती. तो लिहीत गेला. ती त्याच्याकडे बघू शकत नव्हती, म्हणून त्याच्या पेनाकडे बघत राहिली. शेवटी त्याने टोपण लावलं.

“चार वर्षं मी या पाटावर जेवलो,” तो म्हणाला. “तुम्ही तेव्हा म्हणाला असतात, वेनबो, खत नाहीये, तर मी वहीत एक ओळ लिहिली असती. एक ओळ, ताई. काही बिघडलं नसतं कुणाचं.”

“माहीत आहे.”

“मग?”

“सतरा वर्षं एक टोपली चुकली नव्हती,” ती म्हणाली. बोलताना तिचं तिलाच ते पोकळ वाटलं. तिने मळक्या बाहीने तोंड झाकून घेतलं.

तो न जेवता उठला. महिनाभराने त्याचं पत्र आलं, चार ओळींचं. जुना लेख चुकीचा असल्याचं तो जाहीर करतोय. केंद्राला कळवलंय. गावात सभा घ्यायची आहे. तिने यावं की नाही, हे तिचं तिने ठरवावं.

केंद्राने तिला वाफ्यांवरून काढलं. नवे संचालक तरुण होते, फार बोलले नाहीत. झाडलोट आणि पाहुण्यांचा चहा एवढं काम राहू दिलं. पाहुण्यांना समजावण्याचं कामही गेलं. कपबशा मांडून ती बाहेर थांबायची.

सभेला ती गेली. वेनबोने आधी स्वतःची चूक सांगितली. तिचं नाव त्याने घेतलं नाही, म्हणून ती उठली. उभं राहून सगळं सांगितलं, डुकरांपासून युरियापर्यंत. तिला वाटलं होतं लोक शिव्या देतील. लोक सूर्यफुलाच्या बिया सोलत ऐकत होते. तिचं झाल्यावर मागून एक म्हातारी म्हणाली, “अगं, त्यात काय! तू खरं सांगितलं असतंस तरी टोपल्या वाहायला होतं कोण इथे?” हशा पिकला. कुणीतरी विचारलं, चहा आहे का. एवढी वर्षं उराशी धरलेलं, त्याची गावाला तेवढीशी किंमतच नव्हती. त्या हशात ती उभीच होती, कुणी बस म्हणेना, आणि आपलं आपण बसावं हे तिला सुचेना.

शुइगेन हसला नव्हता. बाहेर पडताना तो तिच्या शेजारून चालला.

“साहेबांचं सोड,” तो म्हणाला. “मी तुला विचारलं होतं. आकड्यांचं नको, तुझं सांग म्हणून.”

“हो, दादा.”

“तू हो म्हणालीस.”

“हो.”

“बाबांची झाडं होती ती.” एवढं बोलून तो पुढे गेला. त्या वर्षीच्या सणाला त्याच्याकडून बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी वहिनी येऊन म्हणाली, “चल गं आता.” ती गेली. शुइगेनने तिच्या वाटीत मासा वाढला, पण बोलला हवापाण्याचंच. उरलेल्या झाडांना तो आता खत विकत आणून घालतो. किती घालायचं हे त्याने तिला पुन्हा कधी विचारलं नाही.

दोन वर्षांनी वेनबोचा नवा लेख आला. सतरा वर्षं खत घातलेल्या मातीचं खत अचानक तोडलं आणि युरियावर ठेवलं, तर साठलेलं नत्र किती लवकर उतरायला लागतं, आणि खत पुन्हा सुरू केलं तर ते परत कसं साठतं, हे त्यात होतं. असा प्रयोग कुणी मुद्दाम केला नसता. त्याने मासिकाची एक प्रत केंद्रावर आणली आणि तिला चहाच्या खोलीत गाठलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत तिचं पूर्ण नाव होतं. सहा हंगामांतल्या खताचे बदल लेइ यिनमेइ यांनी केले व त्यांची मोजमापं त्यांनीच सांगितली, असं.

तिने वाचलं. कानाच्या पाळ्या तापल्या. “हे काढ,” ती म्हणाली. “माझे कसले आभार मानतोस? लोक बघतील.”

“आभार कुठे मानलेत?” वेनबो म्हणाला. “नीट वाचा. कोणी केलं, एवढंच लिहिलंय.”

तिने परत वाचलं. खरंच, आभाराचा शब्द त्यात कुठेच नव्हता.

“बसतोस का?” तिने विचारलं. “चहा ठेवलाय.”

तो दाराशी थोडा घुटमळला, मग खुर्ची ओढून बसला. तिने मासिक टेबलावर तसंच उघडं राहू दिलं आणि कप धुवायला घेतले.